मदत हवी आहे: बास्करव्हिलच्या जोडीला कोणता देवनागरी फाँट?

नमस्कार मंडळी. नौपाड्यातल्या आमच्या मंडळाची स्मरणिका लावतोय, मराठी-इंग्रजी दोन्ही. इंग्रजीसाठी बास्करव्हिलच हवा, यावर मी अडून बसलोय. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने १७५० च्या दशकात करवून घेतलेला हा टाइप. जाड-बारीक रेघांतला फरक खुलावा म्हणून त्याने कागद गुळगुळीत घेतला, शाईही जास्त काळी केली. लहान 'जी'चं खालचं पोट उघडंच सोडलंय, आणि मोठ्या 'क्यू'ची शेपटी तर बघत राहावी!

घोडं अडलंय कागदापाशी. आमचं बजेट ७० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटर वजन, ग्रॅममध्ये) मॅपलिथोचं, म्हणजे लेप नसलेल्या साध्या छपाईच्या कागदाचं. प्रूफमध्ये ९ पॉइंटला लहान 'ई'ची आडवी रेघ मधेच तुटते, तळटिपा फिकट पडतात. लिब्रे बास्करव्हिल ही त्याचीच नवी आवृत्ती फुकट आहे, रेघाही जरा दणकट. पण तो मुळात स्क्रीनसाठी बेतलेला, अक्षरं ऐसपैस. पानं वाढली की खजिनदार ओरडणार. तो घेऊन पॉइंट कमी करू, की मूळचाच १० वर नेऊ?

मराठीसाठी टिरो देवनागरी मराठी लावून पाहिला. वळण मुंबईच्या जुन्या निर्णयसागर छापखान्याच्या छपाईचं, ल आणि श आपले मराठी. फक्त शिरोरेषेमुळे मराठी परिच्छेद काळाभोर आणि शेजारचा इंग्रजी उपाशी वाटतो. ही जोडी कुणी ऑफसेटवर छापली आहे का? दोघांचे पॉइंट आणि ओळींतलं अंतर किती ठेवलंत? ठाण्यात कुणाकडे छापील नमुना असेल तर येऊन बघतो.