जपानी व्हिज्युअल केई बँड परदेशात येतात तेव्हा चाहत्यांनी काय अपेक्षा ठेवावी?

बर्लिनवासी:
नमस्कार. नोकरीनिमित्त मी जर्मनीत राहतो आणि व्हिज्युअल केई हा जपानी रॉकचा प्रकार शाळेत असल्यापासून ऐकतो. नुकताच अशाच एका बँडचा येथील कार्यक्रम पाहिला. वादनाविषयी तक्रार नाही. परंतु चित्रफितींमध्ये दिसणारी भरजरी वेशभूषा नव्हती, ज्या गाण्यांमुळे आम्ही त्यांचे चाहते झालो त्यांपैकी एकही वाजले नाही आणि सव्वा तासात सारे आटोपले. जिथे रंगभूषा संगीताइतकीच महत्त्वाची मानली जाते, तिथे परदेशातही तोच थाट मिळावा ही अपेक्षा अवास्तव आहे का?

रसिक ठाणेकर:
अपेक्षा रास्तच आहे, मात्र ती बँडच्या कोणत्या काळाकडून आहे हेही पाहावे लागते. डिर एन ग्रे हा व्हिज्युअल केईतून पुढे आलेला बँड. ते २००५ साली युरोपात वाजवायला आले, तेव्हा अनेकांच्या मनात १९९९च्या ‘गॉझ’ या अल्बमच्या वेळचे, रंगीत केसांचे आणि भडक रंगभूषेचे रूप होते. त्या अल्बमच्या निर्मितीत एक्स जपान या जुन्या व्हिज्युअल केई बँडचे ड्रमवादक योशिकी सहभागी होते. पण मधल्या वर्षांत बँडचे संगीत अधिक जड आणि पोशाख साधे होत गेले होते. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेत कॉर्न या तिथल्याच बँडसोबत ‘फॅमिली व्हॅल्यूज’ दौऱ्यात, त्यांचे नावही न ऐकलेल्या श्रोत्यांपुढे जपानी भाषेतच गायले आणि तिथे केवळ वादनाच्या बळावर उभे राहिले. अशा बँडकडे जुना पोशाख मागणे म्हणजे त्यांची वाढ नाकारणे होय, असे मला मनापासून वाटते. सामानाचे विमानभाडे, भाड्याने घेतलेले ड्रम आणि अॅम्प्लिफायर, लहान रंगमंच ही कारणे आहेतच. तरीही जो बँड मायदेशात आजही पूर्ण वेशभूषेत उभा राहतो, त्याने परदेशात ती टाळली तर नाराजी योग्यच ठरते.

सायली, टोकियो:
मी प्रेक्षकांविषयी लिहिते, कारण अपेक्षांचा खरा गोंधळ तिथे होतो. जपानमधील लहान सभागृहांत तिकिटावर प्रवेशक्रमांक छापलेला असतो. दारात क्रमांक पुकारले जातात आणि त्या क्रमाने लोक आत जातात, त्यामुळे पहाटेपासून रांग लावण्याचा उपयोग नसतो. युरोपात मात्र जो आधी येईल तो पुढे, म्हणून चाहते थंडीत दारासमोर बसून राहतात आणि एकमेकांच्या हातावर पेनाने क्रमांक लिहून स्वतःच शिस्त लावतात. आत गेल्यावरही फरक जाणवतो. जपानमध्ये ध्रुवपदाला पुढच्या रांगांतील मुलींचे हात ठरलेल्या हालचालींत एकदम वर जातात, याला ‘फुरित्सुके’ म्हणतात. संथ गाणे सुरू झाले की तोच जमाव स्तब्ध होऊन ऐकतो. परदेशातील श्रोते त्याच संथ गाण्यात सूर मिसळून जपानी शब्द गातात, आणि मला ते फार आवडते, कारण एवढ्या दूरच्या भाषेतले गाणे पाठ करणे हा प्रेमाचाच भाग आहे. मोबाइल उंचावून सतत चित्रीकरण करणे मात्र मला पटत नाही; जपानमध्ये कार्यक्रमात छायाचित्रणाला सहसा मनाई असते आणि बँडने तीच विनंती परदेशात केली तर ती पाळावी.

मुसाफिर:
पोशाख आणि गाण्यांची निवड यांपेक्षा वेळेवर कळवणे मला महत्त्वाचे वाटते. एक्स जपानचा २००८ साली ठरलेला पॅरिसचा कार्यक्रम झाला नाही आणि ते तिथे अखेर २०११ मध्ये वाजवू शकले. लंडनच्या वेम्ब्ली अरीनामधील मार्च २०१६चा कार्यक्रम गिटारवादक पाटा यांच्या गंभीर आजारामुळे पुढे गेला आणि ४ मार्च २०१७ रोजी पार पडला. आजारपणाबद्दल कोणी बँडला दोष देणार नाही, पण दुसऱ्या देशातून येणाऱ्या चाहत्याचे तिकिटाचे पैसे परत मिळाले तरी विमान आणि हॉटेलचे पैसे बहुधा बुडतात.

बर्लिनवासी:
सर्वांचे आभार. सायलीताई, रांगेत हातावर क्रमांक लिहिण्याची पद्धत इथे अगदी तशीच आहे. येथील आयोजकांना मी पत्र लिहिणार आहे: कार्यक्रम अंदाजे किती वेळ चालेल, बँड पूर्ण वेशभूषेत येणार आहे का आणि छायाचित्रणाला परवानगी आहे का, एवढ्या तीन गोष्टी त्यांनी तिकीटविक्री सुरू होतानाच जाहीर कराव्यात. जुन्या गाण्यांचा आग्रह मात्र मी त्या पत्रात धरणार नाही.