गच्चीला कोटिंग करूनही पंख्यातून पाणी ठिबकतंय, गळती शोधायची कशी?

कर्वेनगर_वरचा_मजला (जुलै)

पुण्यात कर्वेनगरात आमची तीन मजली सोसायटी आहे, 1994 सालची. आम्ही सगळ्यात वर, डोक्यावर थेट गच्ची. स्लॅबवर विटांचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर), त्यावर चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सची फरशी. दरवर्षी हॉलच्या पंख्यापाशी पाणी येतं. आधी मोझॅकच्या भेगा व्हाइट सिमेंटने भरून झाल्या. यंदा मे महिन्यात सोसायटीने अख्ख्या गच्चीला पांढरं कोटिंग मारून घेतलं, कागदावर पाच वर्षांची हमी. जूनमध्ये छत कोरडं राहिलं. मुठा नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला त्या आठवड्यात पुन्हा टपटप सुरू.

विचित्र भाग पुढे आहे. धो-धो पाऊस चालू असताना छत कोरडं असतं. पाऊस थांबला की दुसऱ्या दिवशी ठिबकायला लागतं आणि ऊन पडलं तरी चालूच राहतं. पंख्याच्या बरोबर वर गच्चीत एक भेग नाही, मी गुडघ्यांवर बसून पाहिलंय. कोटिंगवाला आता म्हणतो मोझॅकसकट सगळा कोबा उखडा. चेअरमन म्हणतात घर तुमचं, बघा तुमचं तुम्ही. कोणी मार्ग सांगेल का?

वारजेकर

पत्र्याची शेड टाका, विषय संपला. आमच्या गल्लीत निम्म्या इमारतींनी तेच केलंय.

नाइलाजाने_सेक्रेटरी

शेडचं आधी महापालिकेत विचारा, मग पत्रे आणा. खर्चाचं म्हणाल तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट आहे: गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने. स्वतःच्या संडास-बाथरूमची किंवा सिंकची गळती असेल तर ती सभासदाची. चेअरमनशी जिन्यात वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या.

फ्लॅट_नं_12

आम्ही खालून छताला नोझल लावून ग्राउटिंग करून घेतलं, म्हणजे भेगांत दाबाने पातळ मिश्रण भरलं. एक पावसाळा बरा गेला.

जुना_सुपरवायझर

एक पावसाळा बरा गेला आणि पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या खोलीत आलं, असंच ना? खालून तोंड दाबलं की पाणी दुसरं तोंड शोधतं. वर शिरायचं थांबत नाही.

कर्वेनगरकर, तुमच्या लिहिण्यातच निम्मं उत्तर आहे. आधी त्या पंख्याचा एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) पाडा, बाकीचं मग वाचा.

पाऊस थांबल्यावर गळतं, म्हणजे पाणी आरपार भेगेतून येत नाही. कोबा म्हणजे भिजलेली गोधडी. विटांचे तुकडे पाणी पितात, ते हळूहळू खाली स्लॅबवर उतरतं आणि तिथल्या तिथे पसरत जातं. पंख्यातूनच का येतं? स्लॅब ओतण्याआधी वायरचे पाइप त्यात टाकलेले असतात आणि त्यातला एक पंख्याच्या बॉक्सशी संपतो. पाइपाच्या एखाद्या सांध्यात पाणी शिरलं की दहा-पंधरा फुटांवरून प्रवास करून ते पंख्याशी प्रकट होतं. त्यामुळे पंख्याच्या वर कितीही रांगलात तरी काही सापडायचं नाही.

फक्त पावसाळ्यात गळतंय, म्हणून टाकी आणि सोलरचे पाइप तूर्त बाजूला ठेवू. जूनच्या सरींत गळलं नाही, सलग पावसात गळलं. माझा अंदाज, वाट अरुंद आहे किंवा पाणी तुंबून चढल्यावरच लागेल इतकी उंच आहे. संशयित ठरलेलेच: स्लॅब आणि पॅरापेट (गच्चीचा कठडा) जुळतात तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई, पाणी पाइपात उतरायचं तोंड म्हणजे खुरा, सोलरच्या स्टँडचे पाय, केबलवाल्याने ठोकलेले खिळे. तुमचं कोटिंग पॅरापेटवर फूटभर वर चढवलंय का ते बघा. बहुतेक जण जमीन रंगवतात आणि भिंतीशी हात आखडतात.

उघडीप मिळून छत वाळलं की खुऱ्याचं तोंड वाळूच्या पिशवीने बंद करा. गच्चीवर कच्च्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून भाग पाडा आणि एका वेळी एकाच भागात दोन इंच पाणी ठेवा. निदान 48 तास. कोबा आळशी असतो, चोवीस तासांत निकाल देणाऱ्याचं ऐकू नका. सपाट भाग निर्दोष सुटले की मग फक्त वाट्यावर, नंतर पॅरापेटवर पाइपाने पाणी मारायचं. नेहमी खालून वर. आधीच भिंत भिजवली तर ते पाणी जमिनीवर उतरणार आणि कोण चोर ते कळणार नाही.

दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला 50 किलो. वापरातल्या गच्चीचा स्लॅब साधारण 150 किलोंसाठी धरतात, पण छताच्या खपल्या पडून सळ्या दिसत असतील तर हा उद्योग करू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

कर्वेनगर_वरचा_मजला (नोव्हेंबर)

उशिरा लिहितोय, परतीच्या पावसाने दम काढला. अर्ज दिल्यावर चेअरमन स्वतः बांध बघायला वर आले, हेही लिहून ठेवतो.

सगळे भाग कोरडे निघाले, एक सोडून. जिन्याच्या बाजूच्या खुऱ्याच्या भागात पाणी ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पंखा ठिबकला. खुरा हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला आहे! पाण्यात नीळ घातली होती, खाली मात्र स्वच्छ पाणी आलं. कोब्याने रंग गाळून घेतला असावा.

खुऱ्याभोवती दीड फूट चौकोन स्लॅबपर्यंत फोडला. पीव्हीसी पाइप आणि स्लॅबमध्ये बोट जाईल एवढी फट. पाइप वर आलेला, म्हणून पाणी तिथे साचून फटीत जायचं. कोटिंग पाइपाच्या कडेपर्यंत होतं, तिथे सुटलेलं. पाइप खाली घेऊन फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरली, वर जाळी घालून पॉलिमर सिमेंटचे थर, पॅरापेटशी नवा वाटा. मोझॅक लावण्याआधी पुन्हा पाणी ठेवलं, छत कोरडं. सगळा कोबा उखडायच्या कोटेशनपुढे हा खर्च चिल्लर निघाला. आता हॉल रंगवून घेऊ का?

जुना_सुपरवायझर

शाब्बास. रंग मात्र उन्हाळ्यापर्यंत थांबवा. कोब्यात अजून पाणी आहे, आत्ता पुट्टी लावलीत तर पोपडे धरतील. पंख्याच्या वायरी बदलून घ्या, इतके पावसाळे त्या पाण्यात होत्या. आणि खुऱ्यावर जाळी बसवलीत का? ते लिहिलं नाहीत.