आईच्या डोक्यातले चट्टे: कोंडा, चाई की गजकर्ण?

सोनचाफा: आईचं वय ६१. मधुमेह आहे, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन चालू आहे. तीन महिने डोक्यात खाज आणि खवले, दोन ठिकाणी केस मुळाशी तुटलेत. मेडिकलमधल्या मलमाने खाज थांबली, चट्टे मात्र वाढले. या वयात गजकर्ण होतं का?

रानवारा: होतं. वयात आल्यावर डोक्याच्या त्वचेतलं तेल बुरशीला रोखतं, म्हणून हा मुख्यतः लहान मुलांचा आजार. रजोनिवृत्तीनंतर ते तेल कमी होतं, त्यात मधुमेह. कोंड्यात केस तुटत नाहीत. चाईत त्वचा गुळगुळीत असते, खवले नसतात. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. स्टेरॉइडने खाज दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. ट्यूब डॉक्टरांना दाखवाच.

केओएच तपासणी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणं, करून घ्या. नमुना म्हणून चट्ट्यातले तुटके खुंट चिमट्याने उपटून, सोबत खरवडलेले खवले. लांब, निरोगी केस दिले की रिपोर्ट हमखास निगेटिव्ह येतो. कल्चरला, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवून ओळखायला, चार आठवडेही लागतात.

कवडसा: बुरशी केसाच्या दांड्यात असते, तिथे मलम पोहोचत नाही. गोळ्याच लागतात. ट्रायकोफायटॉन जातीची बुरशी असेल तर साधारणतः टर्बिनाफिन २५० मिग्रॅ रोज, ४ ते ६ आठवडे. आधी यकृताची तपासणी. खाज गेली की गोळ्या सोडतात, मग महिन्याभरात पुन्हा तेच. इट्राकोनॅझोल लिहून दिलं तर ॲटोरव्हास्टॅटिनचं आधी सांगा, दोन्ही एकत्र घेतल्यास स्नायूंना इजा होऊ शकते.

सोनचाफा: घरात मांजर आहे. पण दवाखान्यात वुड्स लॅम्पखाली, म्हणजे अतिनील दिव्याखाली, काही चमकलं नाही.

रानवारा: त्यावरून गजकर्ण नाही असं ठरत नाही. आपल्याकडे नेहमी सापडणारा ट्रायकोफायटॉन व्हायोलॅसियम चमकतच नाही. मांजराकडून येणारा मायक्रोस्पोरम कॅनिस सहसा हिरवा चमकतो, पण कल्चरशिवाय खात्री नाही. तो निघाला तर टर्बिनाफिन कमी पडतं; ग्रिसिओफुल्विन ६ ते ८ आठवडे, तेही तूप-दूध असलेल्या जेवणाबरोबर, नाहीतर नीट शोषलं जात नाही. मांजर वरून ठणठणीत दिसलं तरी पशुवैद्याला दाखवा.

कवडसा: कीटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा, ५ मिनिटं ठेवून धुवायचा. आजार त्याने बरा होत नाही, बीजाणू झडणं कमी होतं, म्हणून घरातल्या इतरांनीही वापरावा. कंगवा वेगळा, अभ्रे गरम पाण्यात. मऊ, पू झिरपणारी सूज आली तर गळू समजून चिरा देऊ देऊ नका. तीही बुरशीचीच असू शकते, आणि उशीर झाला तर तिथे केस कायमचे जातात.