पहिल्या आठवड्याची विक्री आणि गाण्याचं यश

के-पॉपमध्ये (कोरियन पॉप संगीतात) 'पहिल्या आठवड्याचा आकडा घसरला, म्हणजे कमबॅक (गटाचं नवं गाणं किंवा अल्बम) पडला' हे मत मला अजिबात पटत नाही. हा आकडा हॅन्टिओ या कोरियन विक्री-चार्टचा, म्हणजे विकल्या गेलेल्या अल्बम प्रतींचा. अल्बममधून हवं ते फोटोकार्ड (कलाकाराचा छोटा फोटो) निघावं, फॅनसाइनच्या (कलाकारांना भेटून सही घेण्याच्या कार्यक्रमाच्या) सोडतीत नाव यावं म्हणून एकच चाहता गठ्ठ्यानं प्रती घेतो. फॅनसाइन कमी ठेवले किंवा चीनमधल्या चाहत्यांची सामूहिक खरेदी आटली की आकडा खाली येतो. गाणं कसं आहे याचा त्यात फारसा संबंध नसतो.

एस्पा या मुलींच्या गटाचंच बघा. 'माय वर्ल्ड' (मे २०२३) पहिल्या आठवड्यात सुमारे १६.९ लाख, 'आर्मागेडन' (मे २०२४) साधारण ११.५ लाख. तरी याच दुसऱ्या अल्बममधलं 'सुपरनोवा' हे गाणं मेलनवर (कोरियातलं गाणी ऐकायचं ॲप) आठवडेच्या आठवडे पहिलं राहिलं आणि २०२४च्या मामा (MAMA) या के-पॉप पुरस्कारांत वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरलं! माझ्या मते त्यांचं सगळ्यात पक्कं गाणं तेच.

मेलनचा पहिल्या रात्रीचा स्क्रीनशॉटही पुरावा नव्हे. त्याच्या टॉप १०० चार्टमध्ये गेल्या २४ तासांचे आणि गेल्या तासाचे आकडे निम्मेनिम्मे धरतात. गाणं कोरियात बहुतेकदा संध्याकाळी ६ ला (आपल्याकडे अडीच) येतं. मध्यरात्रीकडे इतर श्रोते झोपतात, चाहते ऐकत राहतात, म्हणून ते वर चढतं. सकाळी लोक कामाला निघाले की घसरतं. त्यापेक्षा तिसऱ्या आठवड्यातला दैनिक चार्ट बघा. आणि सर्कल या दुसऱ्या कोरियन चार्टचे आकडे हॅन्टिओशी जुळवू नका: सर्कल दुकानांना पाठवलेल्या प्रतींतून परत आलेल्या वजा करतं.