माजी सैनिकांच्या ईसीएचएस आरोग्य योजनेच्या पॅनलवरचं हॉस्पिटल वरचे पैसे मागून राहिलं, भरायचे का?

काटोलरोडवाली: नमस्कार. सासरे सुभेदार म्हणून रिटायर झाले, गुडघा बदलायचाय. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकनं (योजनेच्या दवाखान्यानं) रेफरल दिलं, पण नागपुरातल्या त्या प्रायव्हेट हॉस्पिटलच्या डेस्कवरचा माणूस म्हणते सरकारी रेट परवडत नाही, इम्प्लांटचे वरचे पैसे भरा नाहीतर पुढच्या महिन्यात या. कामठीला मिलिटरी हॉस्पिटल असताना बाहेर कशाला पाठवतात, यात सरकारचे पैसे तरी वाचतात का?

माजी_हवालदार_कामठी: ताई, एक रुपयाही देऊ नका. पॅनलवर येताना हॉस्पिटल करारावर सही करते की सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दरात कॅशलेस उपचार करू. काकांना सेमी प्रायव्हेट वॉर्ड लागू आहे, तुम्ही आपल्या मर्जीनं वरचा वॉर्ड घेतला तरच फरक तुमचा. त्याला म्हणा, कोणत्या हेडखाली किती, ते लेटरहेडवर लिहून दे. बहुतेक तिथंच आवाज खाली येते. नाहीच ऐकलं तर पॉलिक्लिनिकच्या ओआयसीकडे, म्हणजे प्रभारी अधिकाऱ्याकडे, लेखी तक्रार द्या. आणि मिलिटरी हॉस्पिटल आधी सेवेतल्या जवानांसाठी असते, रिटायर लोकांचा सगळा भार तिथं पेलवत नाही, म्हणून तर २००३ मध्ये ही योजना आली.

बिलिंगवाला: मी बिलिंग डेस्कवर काम केलंय म्हणून सांगतो, पैसे मागणं चूकच आहे. पण दुसरी बाजूही बघा. सरकारचे पैसे नक्कीच वाचतात, कारण गावोगावी स्वतःचं ऑपरेशन थिएटर, सर्जन, आयसीयू उभं करण्यापेक्षा ठरलेल्या पॅकेजमध्ये बाहेर ऑपरेशन करून घेणं स्वस्त पडतं, आणि एनएबीएच (दर्जाचं सर्टिफिकेट) नसलेल्या हॉस्पिटलला दर अजून कमी. गडबड पुढे होते. डिस्चार्जनंतर बिल पोर्टलवर चढवा, मग क्वेरी येते, एखादा रिपोर्ट किंवा इम्प्लांटचा स्टिकर राहिला की रक्कम कापतात, आणि उरलेली यायला महिनोन् महिने. इम्प्लांटवाला सप्लायर काही तेवढा थांबत नाही, मग हॉस्पिटल एकतर ईसीएचएसचे पेशंट टाळते नाहीतर त्यांच्याकडूनच काढते. दर कमी ठेवायचे असतील तर बिल वेळेवर द्या ना, नाहीतर वाचलेले पैसे शेवटी म्हाताऱ्या फौजीच्याच खिशातून जातात आणि मला याचाच राग येतो.

वायुसेनानगर: इमर्जन्सीत रेफरल शोधत बसू नका बरं. जवळचं कोणतंही हॉस्पिटल चालते, पॅनलवर नसलं तरी. फक्त दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. पॅनलवर नसलेल्या ठिकाणी बिल आधी आपण भरायचं आणि मग क्लेम, तोही सीजीएचएसच्या दरानंच मिळते, म्हणून एकूण एक कागद ओरिजिनल जपून ठेवा.

काटोलरोडवाली: धन्यवाद भाऊ. उद्या लेटरहेडवर लिहून मागते आणि काय म्हणतात ते इथं टाकते.