इंटरनेट बँकांवर शंका घेणारे गुंतवणूकदार खरोखरच कूपमंडूक होते का?

सदाशिवपेठी:
‘आज सगळी बँक मोबाइलमध्ये आली आहे, म्हणजे १९९९ च्या सुमारास अमेरिकेतील इंटरनेट बँकांच्या नफ्याविषयी शंका घेणारे गुंतवणूकदार कूपमंडूक होते,’ असे विधान काल येथे एका सदस्याने केले. ते वाचून स्वस्थ बसवेना. तंत्र टिकले हे खरे. पण शेअर घेणाऱ्याच्या हाती तंत्र येत नाही, कंपनी येते. सिक्युरिटी फर्स्ट नेटवर्क बँक ही इंटरनेट बँक ऑक्टोबर १९९५ मध्ये सुरू झाली, मे १९९६ मध्ये तिचा २० डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीवर गेला आणि १९९८ मध्ये तिचे बँकिंग रॉयल बँक ऑफ कॅनडाच्या पदरात पडले. मागे उरली ती इतर बँकांना सॉफ्टवेअर विकणारी कंपनी. बँक वन या अमेरिकी बँकेची विंगस्पॅन ही इंटरनेट बँक जून १९९९ मध्ये वाजतगाजत आली आणि २००१ मध्ये मूळ बँकेत विरून गेली. शाखेतील व्यवहाराला १.०७ डॉलर आणि इंटरनेटवर १ सेंट खर्च, हा सल्लागार कंपनी बूझ-अ‍ॅलनचा आकडा तेव्हा जो तो नाचवत असे. मात्र ग्राहक ओढून आणण्यासाठीच्या जाहिराती आणि ठेवींवरील चढे व्याज त्या एका सेंटात धरलेले नव्हते.

मुदतठेव:
सोयीची मढी तेवढी उकरली आहेत. डच आयएनजी समूहाची इंटरनेट बँक आयएनजी डायरेक्टही चढेच व्याज देत होती आणि तिलाही नेहमीच्या शाखा नव्हत्या; तरीही तिच्या अमेरिकेतील व्यवसायासाठी कॅपिटल वन या अमेरिकी बँकेने सुमारे ९ अब्ज डॉलर मोजले आणि २०१२ मध्ये तो ताब्यात घेतला. त्याविषयी आपण मौन का पाळता?

सदाशिवपेठी:
कारण तिच्या पाठीशी डच बापाची थैली होती. नुसत्या शेअर बाजाराच्या पैशावर जगू पाहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे.

अटलांटाकर:
माझा अनुभव सांगतो. २००० मध्ये मी अशाच एका बँकेत खाते उघडले होते. पगार कागदी चेकने मिळत असे आणि शाखाच नसल्यामुळे चेकच्या पाठीवर सही करून, पावती जोडून, तो पाकिटातून टपालाने पाठवावा लागे. एकदा ते पाकीट पोहोचायला नऊ दिवस लागले आणि तेवढ्यात घरभाड्याचा चेक परत आला. इंटरनेट बँक म्हणायची आणि भरवसा पोस्टमनवर!

मुदतठेव:
पगार थेट खात्यात घेतला असता तर हे रामायण घडलेच नसते. स्वतःच्या आळसाचे खापर बँकेवर फोडू नये.

निवृत्त_रोखपाल:
आळस कोणाचा ते राहू द्या. सांगलीत मी तीस वर्षे काउंटरवर काढली. पासबुक भरून घ्यायला आलेल्या आजींशी दोन शब्द बोलले की त्या मुदत ठेव करूनच परत जात. हिशेब मांडणारे आम्हाला निव्वळ खर्च समजतात. शाखेतून येणारा हा धंदा त्यांच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात येतो?

मुदतठेव:
आणि दुपारी ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी पाहून परत गेलेल्या आजी कोणत्या रकान्यात येतात?

निवृत्त_रोखपाल:
त्या पाटीमागे आम्ही कॅश जुळवत असू, झोपा काढत नव्हतो. तोंड सांभाळून लिहावे.

मुदतठेव:
शब्द मागे घेतो, पाटी मात्र मी स्वतः पाहिली आहे. मूळ मुद्द्यावर एवढेच म्हणतो की सप्टेंबर २००७ मध्ये बंद पडलेली अमेरिकेतील ‘नेटबँक’ ही इंटरनेट बँक ढिसाळपणे वाटलेल्या गृहकर्जांनी बुडवली, संकेतस्थळाने नव्हे.

सदाशिवपेठी:
मान्य, आणि आपण एवढे तरी वाचलेत याचा आनंद आहे. पण केवळ इंटरनेटवरील ठेवींवर पोट भरत असते, तर ती गृहकर्जांच्या मागे इतकी का लागली असती? शंका घेणारे तेव्हा नेमके हेच विचारत होते.