बाबांचा क्लेम रिजेक्ट, तक्रार बेंगळुरूला की मुंबईला?

निपाणीकर: बाबांना कोल्हापुरात ॲडमिट केलेलं, आरोग्य विम्याच्या पॉलिसीला सहा वर्षं झाली, हप्ता एकदाबी चुकला नाही आणि आता कंपनी म्हणते शुगर लपवली म्हणून क्लेम रिजेक्ट. दवाखाना महाराष्ट्रात, घर कर्नाटकात, मग तक्रार कुठं करायची?

खानापूरवाला: दवाखाना कुठलाबी असू दे, तुमचा पत्ता कर्नाटकातला म्हणजे बेंगळुरूचा विमा लोकपाल, विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. फी नाही, वकील नाही. पण आधी कंपनीला लेखी द्या, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तिकडं, वर्षाच्या आत.

शहापूरची: सलग ५ वर्षं झाल्यावर लपवलं म्हणून क्लेम अडवता येत नाही हो, फसवणूक सिद्ध केली तरच. हे पत्रात लिहाच. एजंटाला विचारत बसू नका.

निपाणीकर: एजंट फोनच उचलंना झालाय. पत्र कन्नडमधनं लागतंय काय?

खानापूरवाला: इंग्रजीत चालतंय की.